लाकडी बाकांवरची मैफल

नॅशव्हिल, टेनेसी
2 जानेवारी

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

एवढ्या थंडीत रात्री बाहेर पडून ऐकण्यासारखे असे काय होते, असे तुम्ही विचारलेत. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहितो.

ओल्ड क्रो मेडिसिन शो हा येथील बँड फिडल, बँजो, गिटार अशी तंतुवाद्ये वाजवतो आणि वर्षअखेरीस रायमन सभागृहात गातो. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. वाजवण्याची ढब तेवढी वेगळी. आगबोटींचा धंदा करणारे टॉम रायमन एका प्रवचनकाराची टर उडवायला गेले आणि त्याचेच भक्त होऊन परतले, त्यातून हे प्रार्थनामंदिर 1892 साली उभे राहिले, असे सांगतात. त्यामुळे तेथे आजही चर्चमधली लांब लाकडी बाके आहेत. लोक पायांनी ठेका धरू लागले, की तो फळीतून थेट आपल्या मणक्यात पोचतो.

ही मंडळी मूळची फुटपाथवरची. 2000 च्या सुमारास नॉर्थ कॅरोलिनातील बून गावी औषधाच्या दुकानाबाहेर ती वाजवीत असताना डॉक वॉटसन या थोर अंध गिटारवादकाच्या मुलीने त्यांना ऐकले, वडिलांना तेथे आणले आणि त्यांचे नशीब उघडले. 2013 साली त्यांना ग्रँड ओल ऑप्री या येथील नामांकित कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाचे सदस्यत्व मिळाले. या क्षेत्रात याहून मोठा मान क्वचितच असेल. तरीही घाईत निघालेल्या वाटसरूला थांबवायचे आहे, अशाच ईर्ष्येने ते अजून वाजवतात. मी गेलो त्या रात्री तिसऱ्याच गाण्यात फिडलच्या गजाचे केस तुटून लोंबू लागले. वादकाने दोन ओळींमधल्या उसंतीत ते उपटून टाकले आणि पुन्हा गज चालवला.

बॉब डिलनच्या अर्धवट ध्रुवपदाला बँडचा गायक आणि फिडलवादक केच सेकॉर याने तरुणपणी कडवी जोडून केलेले त्यांचे गाणे येथे लग्नापासून दारूच्या गुत्त्यापर्यंत सर्वत्र वाजते, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा वीट आला होता. त्या रात्री मात्र ध्रुवपद आले, गाणारे माइकपासून मागे सरले आणि सारे सभागृह उभे राहून ते गाऊ लागले. मीही गायलो. शब्द पाठ आहेत, हे मला तेव्हाच कळले.

उन्हाळ्यात तुम्ही दोघे याल तेव्हा रायमनमधल्या एखाद्या कार्यक्रमाची तिकिटे काढीन. आईला सांगून माजघरातली लहान गोधडी सामानात टाकायला विसरू नका. ती बाके तुमच्या पाठीला मानवणार नाहीत.

आपला,
सुधीर