सत्तर फुटांची भीड

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय सुऱ्या,

"विमान उतरवायचं विसरलास काय रे?" हा तुझा मेसेज मी हॉटेलच्या खोलीत बसून चार वेळा वाचला. मग फोन केला, पण शेजारी तुझी आई बसलेली, त्यामुळं तू नुसता हं-हं करायलास. आता चार दिवस घरी आहे. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, दुसऱ्या गेटपाशी पाणी साचलंय. बाहेर पडायची सोय नाही, म्हणून सगळं लिहूनच काढतो.

तू सांबऱ्याच्या विमानतळावर छत्री धरून उभा होतास. तुला दिसलं ते एवढंच : विमान ढगातून खाली आलं, चाकं बाहेर, आता टेकणार, आणि एकदम आवाज वाढवून परत वर. पाचव्या रांगेत आईनं रामरक्षा सुरू केली असणार, ते वेगळं.

आतली गोष्ट अशी. त्या दिवशी वळायला उशीर झाला आणि धावपट्टीच्या मानानं आम्ही उंच राहिलो. विमान कॅप्टनच्या हातात होतं, मी शेजारी कोपायलट. जास्तीची उंची घालवायला ते नाक खाली दाबत गेले. शेवटच्या टप्प्यात मिनिटाला हजार फुटांच्या आत उतरायचं असतं. काटा दोन हजारांच्या पुढं गेलेला. अल्टिमीटरवर, म्हणजे उंचीच्या काट्यावर, 3200 फूट. ऐकायला बरं वाटतं की नाही? पण तो समुद्रापासून मोजतो, आणि आपलं सांबरा आधीच समुद्रापासून अडीच हजार फुटांवर बसलंय. म्हणजे पायाखाली उरले 700 फूट. त्या वेगानं वीस सेकंद.

तेवढ्यात जमिनीचा इशारा देणाऱ्या यंत्राचा आवाज आला, "सिंक रेट, सिंक रेट." म्हणजे फार जोरात खाली चाललायस.

आता खरं सांगतो, कुणाला बोलू नकोस. काय करायचं ते मला पाठ होतं. पण तोंडून शब्द फुटेना. शेजारी बसलेला माणूस माझ्या दुप्पट वयाचा, माझ्या दसपट तास उडवलेला. आपल्या घरात मोठ्यांपुढं 'थांबा' म्हणायची सवय कुणाला होती? दोनेक सेकंद गेले असतील. मग म्हणालो, "सर, गो-अराउंड." म्हणजे उतरणं सोडून परत वर जायचं. दोन सेकंदांत सत्तर फूट जातात, म्हणजे आपली सात मजली बिल्डिंग. नुसत्या भिडेपोटी. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

कॅप्टननी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हात पुढं, इंजिनं पूर्ण, नाक वर. वीस मिनिटांनी दुसऱ्या खेपेला शहाण्यासारखे उतरलो.

माझ्या डोक्यात तेव्हा मंगळूर होतं. आठवतं का, मे 2010, सुट्टीत तुमच्या सोप्यावर पेपर वाचत बसलो होतो? दुबईहून आलेलं विमान बजपेच्या टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढं जाऊन दरीत कोसळलं. 166 पैकी 158 गेले, आठ वाचले. चौकशीत निघालं ते असं : कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपला होता, विमान फार उंचावरून धावपट्टीकडं आलं, यंत्र 'सिंक रेट' आणि 'पुल अप', म्हणजे वर ओढा, असं ओरडत राहिलं, आणि कोपायलट 'गो-अराउंड' म्हणाला. एकदा नाही, तीनदा. कॅप्टन उतरवतच गेला. दुसऱ्या कुठल्या देशातली नव्हे, आपल्याच राज्यातली गोष्ट ही. मी तर म्हणतो, कोपायलटनं तिसऱ्यांदा बोलण्याऐवजी विमान स्वतःच्या हातात घ्यायला हवं होतं. इथं खुर्चीवर बसून म्हणायला काय जातंय म्हणा.

तू विचारलास, यंत्राला जमीन कशी कळते? विमानाच्या पोटातून रेडिओलहर खाली जाते, आपटून परत येते, त्यावरून उंची. डॉन बेटमन नावाच्या कॅनडात जन्मलेल्या इंजिनियरनं हे घडवलं. 1974 मध्ये वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगरावर आदळून 92 माणसं गेली, त्यानंतर अमेरिकेनं ते सक्तीचं केलं. पण लहर सरळ खाली बघते, समोरचा कडा तिला दिसत नाही. मग बेटमनच्या लोकांनी जगभरच्या डोंगरांचा नकाशाच यंत्रात घातला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिकडचे नकाशे विकत घेतले म्हणे! आता धडकेच्या साधारण मिनिटभर आधी पिवळं दिसतं, अर्ध्या मिनिटावर लाल.

तरी माणूस तो माणूसच. 2012 च्या मे महिन्यात इंडोनेशियात एक नव्या बनावटीचं रशियन विमान पाहुण्यांना फिरवायला निघालं. सालाक डोंगरापाशी यंत्र ओरडलं. नकाशातच चूक असणार असं समजून चालकानं ते बंद केलं. पहिल्या इशाऱ्यापासून धडकेपर्यंत 38 सेकंद होते. त्यांतल्या पहिल्या 24 सेकंदांत वर ओढलं असतं तरी 45 जण वाचले असते.

हसू नकोस, मीही सिम्युलेटरमध्ये तेच केलंय. रात्र, ढग, आणि "टेरेन अहेड, पुल अप", म्हणजे समोर डोंगर, वर ओढ. मी नकाशाकडं बघितलं, मग बाहेर, मग परत नकाशाकडं. चार सेकंद. शिकवणाऱ्यानं पडदा गोठवला आणि विचारलं, "काय शोधायलास?" अशा वेळी शोधायचं नसतं. ऑटोपायलट काढ, पंख सरळ, पूर्ण ताकद, नाक वर, आणि डोंगर सुटेपर्यंत फ्लॅप्सना (पंखांच्या मागच्या झडपा) आणि चाकांना हात लावू नको. भर उन्हात डोंगर डोळ्यांना स्वच्छ दिसत असेल तर गोष्ट वेगळी. अंधारात, ढगात आधी वर जायचं. यंत्र खरं बोललं की खोटं, ते वर जाऊन बघायचं.

त्या दिवशी उतरल्यावर कॅप्टनबरोबर गाडीत बसलो. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. रिपोर्ट त्यांनी स्वतःच लिहिला होता, चूक आपली म्हणून. थोडा वेळ गप्प होते. मग एवढंच विचारलं, "बोलायला उशीर का केलास?"

मला उत्तर देता आलं नाही. तुला देता आलं असतं का रे? शाळेत मास्तरांचं गणित फळ्यावर चुकलेलं तू बघितलंस तेव्हा मला कोपर मारलंस, मास्तरांना सांगितलं नाहीस.

रविवारी रेल्वेनं खानापूरला येतो. आईच्या कानाचं कसं आहे ते कळव. वर जाताना दडा बसला म्हणत होती. तिला सांग, पोरगं विसरलं नव्हतं, परत मोजून उतरलं. 700 फुटांचं मात्र सांगू नकोस, पुढच्या वेळी बसनं येईल.

तुझा,
बंड्या