सर्व्हरवरची ‘एसडीए’ दरवेळी तीच डिस्क नसते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत लिनक्स सर्व्हरच्या ऑटोमॅटिक इन्स्टॉलेशनवर (सगळी उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवायची पद्धत) लेख आला होता, मराठीत असलं काही छापून येतंय हेच मुळात भारी वाटलं, पण त्यातल्या नमुना फाइलमध्ये टार्गेट डिस्क (जी पुसून सिस्टीम टाकायची ती) म्हणून सरळ ‘/डेव्ह/एसडीए’ लिहिलंय आणि खाली ‘म्हणजे मशीनमधली पहिली डिस्क’ असं समजावलंय, ते वाचून राहवलं नाही. लॅपटॉपमध्ये एकच डिस्क असते तिथं चालून जातं हो. चार-सहा डिस्कच्या सर्व्हरवर मात्र त्या एका ओळीने डेटा जाऊ शकतो.

लेखकाचा फार दोष नाही म्हणा. जुन्या आयडीई (रुंद पट्टीसारख्या केबलनं जोडायच्या) डिस्कच्या काळात ‘एचडीए’ म्हणजे प्रायमरी केबलवरचा मास्टर, ‘एचडीबी’ म्हणजे त्याच केबलवरचा स्लेव्ह, असं पक्कं होतं, नाव जागेला चिकटलेलं असायचं. ‘एसडी’वाल्या नावांचं तसं कधीच नव्हतं. २००७ च्या फेडोरा ७ या लिनक्सपासून आयडीई डिस्कसुद्धा ‘एसडी’ नावानं यायला लागल्या, सवय मात्र जुनीच राहिली. आता कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दवाखान्यातल्या नंबरासारखं चालवतो, जी डिस्क आधी हजर होते तिला ‘ए’, मग ‘बी’, मग ‘सी’. वेगवेगळ्या कंट्रोलरचे (डिस्क ज्यांना जोडतात ती सर्किटं) ड्रायव्हर कुठल्या क्रमानं लोड होतील याची गॅरंटी नाही, नवे कर्नल तर डिस्क एकाच वेळी समांतर तपासतात, त्यामुळे तेच मशीन, त्याच डिस्क, नुसतं रीबूट केलं तरी अक्षरं अदलाबदल होऊ शकतात. बायोसमध्ये लावलेल्या बूट ऑर्डरचा (मशीननं आधी कुठल्या डिस्कवरून उठायचं तो क्रम) याच्याशी काही संबंध नाही, हे बऱ्याच जणांना पटतच नाही.

त्यात इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून केलं की कधी तोच ‘एसडीए’ होऊन बसतो. सर्व्हरच्या रिमोट मॅनेजमेंट कार्डची व्हर्च्युअल ड्राइव्ह असते, ती पण यूएसबी डिस्क म्हणून मध्येच रांगेत घुसते. एनव्हीएमई प्रकारची वेगवान एसएसडी असेल तर नावच ‘एनव्हीएमई-०-एन-१’, व्हर्च्युअल मशीन असेल तर बऱ्याचदा ‘व्हीडीए’. डेबियन लिनक्सच्या स्वतःच्या नमुना प्रीसीड फाइलमध्येच (त्यांची ऑटोमॅटिक इन्स्टॉलेशनची फाइल) बूटलोडरच्या, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ओळीवर टीप आहे की यूएसबी स्टिकमुळे मुख्य ड्राइव्ह कुठली हे खात्रीनं ठरवता येत नाही. लोक टीप सोडून खालची ओळ तेवढी कॉपी करतात.

ओळखीच्या एका संस्थेत याचा फटका बसलेला मला माहीत आहे. मशीन जुन्या बायोस मोडचं, ओएस छोट्या एसएसडीवर आणि डेटा वेगळ्या कंट्रोलरवरच्या मोठ्या डिस्कवर. नेटवर्कवरून किकस्टार्ट (फेडोरा, रेडहॅटची अशीच ऑटोमॅटिक इन्स्टॉलेशनची फाइल) चालवलं, त्या दिवशी मोठी डिस्क आधी हजर झाली, ‘एसडीए’ ती झाली आणि पुसली गेली. गंमत म्हणजे (गंमत कसली) रीबूट झाल्यावर मशीन एसएसडीवरच्या जुन्याच सिस्टीमनं उठलं, म्हणून तिथल्या मंडळींना वाटलं इन्स्टॉलेशन झालंच नाही, आणि त्यांनी तेच परत चालवलं!

किकस्टार्टमध्ये ‘क्लिअरपार्ट --ऑल’ ला ड्राइव्ह नाही सांगितली तर तो दिसेल ती प्रत्येक डिस्क साफ करतो, नेटवर्कवरचं स्टोरेज जोडलेलं असेल तर तेही, ही सूचना लेखात हवीच होती.

मार्ग नाहीत असं अजिबात नाही. ‘/डेव्ह/डिस्क’ खाली ‘बाय-आयडी’ आणि ‘बाय-पाथ’ असे दोन फोल्डर यूडेव्ह (डिस्कसारख्या उपकरणांना नावं देणारी लिनक्समधली व्यवस्था) कितीतरी वर्षं बनवून देतोय. पहिल्यात डिस्कचा सीरियल नंबर किंवा डब्ल्यूडब्ल्यूएन (प्रत्येक डिस्कचा जगात एकमेव क्रमांक), म्हणजे डिस्क कुठल्याही स्लॉटमध्ये घाला, नाव तेच. दुसऱ्यात स्लॉटचा पत्ता. एकच सर्व्हर असेल तर मी बाय-आयडी वापरेन, पण एकसारखे चाळीस सर्व्हर लावायचे असतील तर चाळीस सीरियल नंबर कोण टाइप करत बसणार, तिथं बाय-पाथ बरा, आणि खराब डिस्क बदलली तरी फाइल बदलायला लागत नाही. किकस्टार्टच्या ‘इग्नोरडिस्क --ओन्ली-यूज’ (फक्त हीच डिस्क वापर, असं सांगणारी ओळ) ला हे लांबलचक पाथ चालतात. डेबियनमध्ये पार्टिशनच्या आधी छोटी स्क्रिप्ट चालवून डिस्क निवडता येते. उबुंटू सर्व्हरच्या ऑटोइन्स्टॉलमध्ये तर ‘मॅच’ म्हणून सोयच आहे, सीरियल, मॉडेल, पाथ किंवा एसएसडी आहे की नाही, यावरून डिस्क सांगता येते.

स्क्रिप्ट लिहिणार असाल तर एक अट मात्र घालाच, नियमात बसणारी डिस्क बरोबर एकच सापडली पाहिजे. शून्य किंवा दोन सापडल्या तर इन्स्टॉलेशन तिथंच थांबवायचं, अंदाजानं पुढं जायचं नाही.

नेटवर्क कार्डांचं हेच रडगाणं होतं, ‘इथ-०’ कधी या पोर्टला तर कधी त्या. २०१३ मध्ये सिस्टमडीनं (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) स्लॉटवरून नावं द्यायला सुरुवात केली, लोकांनी भरपूर कुरकुर केली पण डिफॉल्टच बदललं म्हटल्यावर गपगुमान सवय झाली. डिस्कच्या बाबतीत पक्की नावं तयार आहेत तरी नमुना फाइलींमध्ये अजून ‘एसडीए’च, कारण टाइप करायला सोपं.

तर विनंती एवढीच की पुढच्या अंकात ती ओळ दुरुस्त करून नमुना फाइल पुन्हा छापा, आणि ‘एलएसबीएलके’ कमांडनं सीरियल नंबर कसा बघायचा तेही दोन ओळीत द्या. वाचक कात्रण काढून सर्व्हर रूममध्ये चिकटवतात, मी पाहिलंय.

आपला एक वाचक
(सिस्टीम अ‍ॅडमिन, पुणे)