ताई, सगळे तुमचा फॉरमॅट मागतायत

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावरही पाठवता आलं असतं. उघड लिहायचं कारण म्हणजे मागच्या शिक्षण परिषदेत, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची लेकरं शाळेत टिकवायच्या आमच्या शाळेच्या धडपडीचा विषय निघाला आणि चहाच्या वेळी चार-पाच जणांनी एकच मागणी केली, ‘त्या डिझाइनवाल्या ताईंचा फॉरमॅट तेवढा ग्रुपवर टाका.’ फॉरमॅट नाही म्हटलं तर कुणाला पटेना. सरकारी शाळेत काही चांगलं घडलं म्हणजे त्याचा एखादा तक्ता असणारच, अशी आमची पक्की समजूत. तेव्हा तुमचे आभारही मानते आणि काय घडलं तेही सांगते. ज्याला त्याला आपापल्या शाळेपुरतं घेता येईल.

बाहेरच्यांसाठी आधी थोडं. आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात, बंजारा तांड्यावरची. जमीन खडकाळ, पाऊस लहरी. कापूस-बाजरी घरात आली की हाताला काम नाही. दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला निघतात. अशी एक जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यांवर जायचं आणि पाडव्याच्या सुमारास परतायचं. सोबत नेलेल्या लेकरांचं दुसरं सत्र फडातच जातं. जूनमध्ये ते लेकरू वर्गात येतं तेव्हा गेल्या दिवाळीच्या पानावरच असतं. यावर उपाय नाहीत असं कुणी म्हणू नये. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह आहे, जाणाऱ्यांना तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे, शाळाबाह्य मुलांच्या मागावर राहणारे बालरक्षक आहेत. कागदावर यातलं काहीच वाईट नाही. तरी दर दिवाळीनंतर आमचे वर्ग निम्मे रिकामे.

तुम्ही आम्हा शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला आलात तेव्हा, खरं सांगते, आम्ही फार उत्साहात नव्हतो. आमच्याकडे प्रशिक्षणांना तोटा नाही. फळ्यावर तुम्ही पाच पायऱ्या लिहिल्यात: माणसं समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, कल्पना सुचवा, कच्चा नमुना करा, वापरून पाहा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलने ही ‘डिझाइन थिंकिंग’ नावाची रीत जगभर नेली, असं सांगितलंत. माझ्या शेजारच्या गुरुजींनी हळूच विचारलं, ‘हे पण ऑनलाइन भरायचंय का?’

मग तुम्ही लोट्याची गोष्ट काढलीत. भारत सरकारने बोलावलं म्हणून चार्ल्स आणि रे इम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं आपल्याकडे फिरलं. 1958 च्या त्यांच्या अहवालात, इथे पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत लोटा त्यांना सगळ्यात सुंदर वाटला असं लिहिलंय, आणि त्या अहवालाच्या वाटेने 1961 साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. ‘म्हणजे आपला तांब्याच की,’ असं मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. तुम्हीही हसलात, पण पुढे म्हणालात की तांब्या कुणा एकाने टेबलाशी बसून काढलेला नाही. भरणाऱ्या, उचलणाऱ्या, डोक्यावरून नेणाऱ्या, घासणाऱ्या हातांनी तो पिढ्यानपिढ्या घडत आला. आणि विचारलंत, ‘तुमचं हंगामी वसतिगृह कुणाच्या हातांनी घडलंय?’ तेव्हा हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

खरं काम सुरू झालं ते तुम्ही तांड्यावर आलात तेव्हा. पौष लागायचा होता, म्हणजे तुमच्या लातूरकडे येळवस, शेतातल्या जेवणाचा सण. घरची भज्जी आणि आंबील सोडून तुम्ही आमच्या म्हाताऱ्यांच्या ओट्यावर येऊन बसला होतात, हे मला फार नंतर कळलं. अर्ध्या तांड्याला कुलूप. मागे राहिलेल्या आज्यांना आम्ही शिक्षक दरवर्षी एकच विचारतो, ‘लेकराला शाळेत का धाडत नाही?’ त्याचं उत्तरही ठरलेलं, ‘धाडू की.’ तुम्ही तो प्रश्न विचारलाच नाहीत. वही पिशवीत ठेवलीत आणि म्हणालात, ‘आजी, काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलं, तेवढं सांगा.’ गोरमाटीचं, म्हणजे बंजारा बोलीचं, मराठी करायला अंगणवाडीच्या मदतनीस बाई होत्याच. मग जे निघालं ते निघतच गेलं. पाण्याचे हंडे. शेळ्या. बीपीची गोळी संपलेली, आणायला जाणार कोण. आतून कडी घातली तरी रात्री डोळा लागत नाही, कारण घरात वयात आलेली नात. एका आजीने सांगितलं की नातवाला इथं ठेवलाय, नातीला धाडलंय. का? तर सुनेच्या तान्ह्याला फडावर कोण सांभाळणार?

ती पोरगी माझ्या हजेरीपटावर दरवर्षी ‘स्थलांतरित’ या एका शेऱ्याने नोंदवली जाते. शेरा बरोबरच आहे. पण तिला परत आणायचं असेल तर आईला समजावून काही होणार नाही, त्या तान्ह्याची सोय बघावी लागेल, हे त्या शेऱ्यावरून कधीच कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी पानं जोडून वर्गाच्या भिंतीवर लांबच लांब पट्टी चिकटवलीत. जून ते मे. वरच्या अंगाला घराचं वर्ष, खालच्या अंगाला शाळेचं. वरचं बायकांनी सांगितलं: पेरणी, पोळा, कापसाची वेचणी, निघणं, परतणं, लग्नसराई. खालचं आम्ही भरलं: प्रवेश, चाचण्या, स्थलांतराचं सर्वेक्षण, वसतिगृहाचा प्रस्ताव, मंजुरी. मग तुम्ही विचारलंत, उचल कधी घेतात? बायका एका आवाजात म्हणाल्या, पोळ्याच्या आगेमागे. घरातून किती कोयते जाणार, मागे कोण राहणार, पोरांतलं कुणाला न्यायचं, हे सगळं तेव्हाच ठरतं. खाली पाहिलं तर आमचं सर्वेक्षण दिवाळीच्या तोंडावर! ‘मूल ठेवा हो’ म्हणत आम्ही दारात उभे राहायचो तोवर निर्णय होऊन दोन महिने उलटलेले, आणि कित्येक घरांसमोर ट्रॅक्टर लागलेला.

यात नवीन माहिती काहीच नव्हती. उचल कधी मिळते हे तांड्यावरचं शेंबडं पोरही सांगेल, आणि सर्वेक्षणाचा महिना आम्हाला तोंडपाठ. पण घराचं वर्ष आणि कार्यालयाचं वर्ष एका भिंतीवर एकाखाली एक आजवर कुणी लावलं नव्हतं. मला विचाराल तर तुमच्या पाच पायऱ्यांतली दुसरी, प्रश्न नेमका मांडण्याची, हीच सगळ्यात महत्त्वाची. कल्पना सुचवायला काय, आमच्या स्टाफरूममध्ये रोज सुचतात.

त्याच पट्टीवर जाता जाता आणखी एक सापडलं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. आमच्या समितीत त्या आहेतच. फक्त बैठक सकाळी अकराची, आणि अकरा वाजता बायका कापसात. रजिस्टर मग घरोघर सहीला फिरायचं. आता बैठक दिवेलागणीनंतर सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर होते.

पुढच्या वर्षी आम्ही पोळ्याच्या आधीच घरोघर गेलो, आणि आईबापांइतकंच आज्यांशी बोललो. वसतिगृहाची सोय कशी असेल हे तोंडी सांगण्याऐवजी दिवाळीआधी थोडे दिवस करूनच दाखवलं. शाळेत संध्याकाळचं जेवण आणि अभ्यास, असा पहिला नमुना. तो लगेच मोडला. पोरी येईनात, कारण शाळेकडून तांड्यावर परतताना ओढा लागतो आणि तिथे उजेड नाही. जेवण-अभ्यास मंदिरामागच्या खोलीत हलवला, आज्याच आळीपाळीने येऊन बसू लागल्या, आणि पोरी आल्या. आईबाप गेल्यावर त्यांच्याशी फोनवर बोलायची ठरलेली वेळ ठेवून पाहिली, तीही टिकली नाही. उसाची गाडी कधी भरायची याला फडावर वेळ-काळ नसतो, मध्यरात्रीही उठावं लागतं. मग लेकरं व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायला लागली. कविता, पाढे, शेळी व्याल्याची बातमी. तिकडे सवड होईल तेव्हा ऐकतात.

तुमची अट एकच होती, पहिला प्रयोग फुकटात किंवा फुकटाच्या जवळपास झाला पाहिजे. या अटीचं मोल आम्हा सरकारी माणसांना विचारा. आमच्याकडे ज्या गोष्टीवर एकदा पैसा खर्ची पडला ती फसली असं लिहिताच येत नाही. ती यशस्वीच होते, फोटोसकट. मंदिरामागच्या खोलीवर काही खर्चच नव्हता, म्हणून आधीचं मोडलं असं सगळ्यांसमोर बोलता आलं.

आता थोडं कडू. मागे राहणारी लेकरं वाढली, पण तान्हं भावंड असलेल्या पोरी यंदाही गेल्या. मजुरीचा दर, उचलीचं ओझं, फडावर पाळणाघर नसणं, यातलं काहीही पाठकोऱ्या पानांनी सुटणार नाही, आणि तुम्हीही तसा दावा कधी केला नाहीत. कार्यशाळा घेऊन शिक्षकांची रिक्त पदं भरत नाहीत. रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या की शाळा सुधारते असं सांगत फिरणाऱ्यांचा मला राग येतो, तो तुमच्यामुळे कमी झालेला नाही. त्या पोरींसाठी इतकंच केलं: शिक्षण हमी कार्डासोबत एक साधं पान जोडलं. ही कुठवर वाचते, घरी गोरमाटी बोलते, मोठ्याने विचारलं की गप्प होते, वजाबाकीत हातचा विसरते. तिकडच्या अनोळखी गुरुजींना पहिल्या दिवशी हाताशी असावं, एवढाच हेतू.

फॉरमॅट मागणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावं. आमच्या केंद्रप्रमुखांनी पट्टीची कल्पना आसपासच्या शाळांत नेली आणि प्रत्येक भिंतीवर वेगळंच वर्ष निघालं. एका वस्तीवरची घरं वीटभट्टीवर जातात, त्यांचं निघणं-परतणं आमच्याशी जुळत नाही. गोदाकाठच्या बागायती गावात उलटंच, तिथे तोडणीच्या टोळ्या बाहेरून येतात आणि फडावरची लेकरं शाळेच्या कुंपणाबाहेर दिसतात. त्या शाळेने पोळ्याला सभा घेऊन काय करायचं? तिथल्या बाईंनी तोडणीवाल्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जाऊन तिथली पट्टी काढली, आणि ती आमच्या काही कामाची नाही.

तुम्ही पेरूतल्या इनोव्हा शाळांबद्दलही सांगितलं होतं. आयडीओ या डिझाइन कंपनीने तिथे इमारत, अभ्यासक्रम, शिक्षकांची तयारी आणि खर्चाचं गणित एकत्रच आखलं. ऐकायला भारी वाटलं, पण त्या फी घेणाऱ्या खासगी शाळा. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळं असं पहिल्यापासून आखायला कोण देतंय? मला जवळचं वाटलं ते अहमदाबादच्या किरण बीर सेठी यांचं काम. 2009 पासून त्या मुलांनाच आपल्या भोवतीचा प्रश्न हुडकायला लावतात: अनुभवा, कल्पना करा, करून पाहा, इतरांना सांगा. आमच्या चौथीने याच चार शब्दांवर हातपंपाजवळच्या चिखलाचा बंदोबस्त केला. सांडपाण्याला चर खणून ते परसबागेत वळवलं. आता खिचडीत मेथी घरची असते.

आभार मानायचे ते तुम्ही आज्यांचं बोलणं संध्याकाळी शाळेत बसून त्यांच्याच शब्दांत लिहून काढलंत, त्याचे. ‘पालकांची उदासीनता’ हे दोन शब्द आमच्या अहवालांत इतकी वर्षं सुखाने नांदत होते, तुमच्या त्या पानांनंतर ते लिहायला हात धजत नाही.

पुढचं काम तयार आहे. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला शेजारच्या गावात जायचं म्हटलं की पोरी गळतात, आणि याचंही काही ‘उदासीनता’ हे उत्तर नसणार. या खेपेला आषाढीनंतर लगेच या, पोळ्याच्या आत पट्टी भिंतीवर लागायला हवी. मानधनाचं नाव काढू नका असं तुम्ही म्हणाला होतात. पण एसटीचं भाडं तरी घ्यावंच लागेल. शाळा व्यवस्थापन समितीने तसा ठराव केलाय, आणि त्यावर सह्या करणाऱ्या बायका बैठकीला हजर होत्या.

आपली,
मुख्याध्यापिका
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा,
बालाघाटातला एक तांडा, जि. बीड