संदर्भसूचीतली टिप्पणी म्हणजे गोषवारा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माध्यमिक शाळांत इतिहासाच्या प्रकल्पासोबत आता टिप्पणीसह संदर्भसूची मागितली जाते. हे फार चांगले आहे. पण बहुतेक वह्यांत पुस्तकाच्या नावाखाली मलपृष्ठावरचा मजकूर उतरवलेला असतो, नाहीतर ‘हे पुस्तक खूप माहितीपूर्ण आहे’ एवढे एकच वाक्य. सूची कशी करायची हे मुलांना कोणी बसून सांगत नाही, म्हणून हे पत्र.

नववी-दहावीच्या मुलाला सहा ते आठ साधने पुरेत. त्यांतली दोन तरी त्या काळातलीच असावीत: वर्तमानपत्र, पत्र, सरकारी कागद, छायाचित्र किंवा मुलाखत. प्रत्येक नोंदीत आधी लेखक, शीर्षक, प्रकाशक, गाव, वर्ष आणि आपण वाचलेली पाने द्यावीत. त्याखाली ऐंशी ते शंभर शब्दांची टिप्पणी. त्यात साधन काय सांगते याला दोन वाक्ये फार झाली. उरलेली जागा ते कोणी, कधी व कोणासाठी लिहिले, त्यात काय आलेले नाही आणि माझ्या प्रकल्पात ते नेमके कुठे वापरले, यासाठी ठेवावी. हा शेवटचा भाग सर्वांत जास्त वेळा गळतो, आणि मुलाने पुस्तक उघडले की नाही ते तिथेच कळते.

गोव्यात तर ‘कोणी आणि कोणासाठी’ हा प्रश्न टाळताच येत नाही. 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल घ्या. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश, म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश राहणे. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता, ‘राष्ट्रमत’ विरोधात. दोन्ही दैनिके मराठीच. एकाच दैनिकाची कात्रणे जमवून ‘गोव्यातील मराठी माणसाचे मत’ असा मथळा देणाऱ्या मुलाचा प्रकल्प पहिल्याच पानावर चुकतो. टिप्पणी साधारण अशी हवी: ‘हे दैनिक विलीनीकरणाच्या बाजूचे होते. त्या बाजूची मांडणी समजून घेण्यासाठी यातले अग्रलेख वाचले. विरोधी बाजू राष्ट्रमतच्या त्याच आठवड्यातल्या अंकांवरून ताडून पाहिली. सभांच्या गर्दीचे आकडे दोन्हींपैकी कुठूनही घेतलेले नाहीत.’ मतांचा आकडा मात्र निकालातूनच घ्यावा: संघप्रदेशाला 1,72,191, विलीनीकरणाला 1,38,170, म्हणजे फरक 34,021. अग्रलेख मत जाणून घेण्यासाठी वाचायचा आणि निकाल आकड्यासाठी, हा भेद मुलाने टिप्पणीत स्वतःच्या शब्दांत लिहिला की त्याला साधन कळले असे समजावे.

मुक्तीपूर्वीच्या वर्तमानपत्रांबद्दल आणखी सावध राहायला हवे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. 18 जून 1946 च्या डॉ. राम मनोहर लोहियांच्या मडगावच्या सभेबद्दल त्या काळच्या एखाद्या अंकात काही सापडले नाही, तर ‘उल्लेख नाही’ एवढेच लिहून थांबू नये. सेन्सॉरची नोंद टिप्पणीत करावी, आणि गोव्याबाहेर छापलेल्या पत्रांत काय आले तेही पाहावे.

नावे आणि तारखा हा आपल्याकडचा दुसरा चकवा. साष्टी दोन आहेत, एक मुंबईची आणि एक आपली. 1737 ते 1739 च्या मोहिमेत मराठ्यांनी मुंबईजवळची साष्टी आणि वसई घेतली, आणि 1739 मध्येच व्यंकटराव घोरपड्यांची फौज गोव्याच्या साष्टीत मडगावपर्यंत आली. त्यामुळे ‘साष्टी’ शब्द शोधून मिळालेले पान कोणत्या साष्टीचे आहे हे टिप्पणीत लिहायलाच हवे. संभाजी महाराजांच्या गोव्यावरील 1683 च्या स्वारीत तारखा जुळत नाहीत, त्याचे कारण पंचांगात आहे. पोर्तुगीजांनी 1582 मध्ये नवी (ग्रेगोरियन) दिनगणना घेतली, इंग्रजांनी 1752 मध्ये. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचे अंतर होते, म्हणून पोर्तुगीज कागदातला 24 नोव्हेंबर इंग्रज वखारीच्या पत्रात 14 नोव्हेंबर असतो. शिवाय इंग्रजांचे वर्ष तेव्हा 25 मार्चला बदलायचे. मराठी कागदात शके 1605 दिसले तर 78 मिळवावेत, पण जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या घटनांसाठी 79. ही स्वारी जानेवारी 1684 पर्यंत चालली, त्यामुळे इथे हे वर्ष हमखास चुकते. कोणती गणना धरली, ते एका वाक्यात लिहावे.

पुनर्मुद्रणाचेही तसेच. फोन्सेका यांचे गोवा शहरावरचे इंग्रजी पुस्तक 1878 चे आहे, पण हाती येते ती बहुधा शंभर वर्षांनंतरची छपाई. नुसते नवे साल लिहिले तर पोर्तुगीज अमदानीत, सरकारच्या परवानगीने लिहिलेला ग्रंथ आजच्या संशोधकाचा वाटतो. म्हणून दोन्ही साले द्यावीत.

पोर्तुगीज किंवा मोडी मुलांना वाचता येत नाही, यात कमीपणा नाही. गोव्याचे इतिहाससंशोधक पां. स. पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरातले कितीतरी कागद मराठी वाचकासाठी खुले केले आहेत. मात्र त्यांच्या ग्रंथातून उतरवलेल्या पत्राखाली ‘लिस्बनचे दप्तर’ असे लिहू नये. आपण वाचला तो ग्रंथ, तोच नोंदवावा, आणि मूळ पत्र त्यात उद्धृत आहे असे सांगावे.

आजी-आजोबांची मुलाखत घ्यायला मुलांना आवडते. तीही सूचीत येते. तारीख, गाव, भाषा आणि घटनेच्या वेळी त्यांचे वय लिहावे, नाव त्यांच्या संमतीनेच. 1967 मध्ये मतदानाचे वय 21 होते. ‘मी दोन पानांवर शिक्का मारला’ असे सांगणाऱ्यांचा जन्म 1946 नंतरचा असेल, तर ती आठवण बहुधा घरातल्या मोठ्यांची आहे. ती फेकून देऊ नये. घरात ऐकलेली आठवण म्हणून नोंदवावी.

संकेतस्थळासाठी लेखक, पानाचे नाव आणि पाहिल्याची तारीख एवढे पुरे. ‘गूगल’ हे साधन नव्हे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर मूळ सापडेपर्यंत सूचीत घेऊ नये.

शिक्षकांना विनंती अशी, की सूची प्रकल्पाच्या शेवटी मागू नका. शेवटी मागितली की ती रात्रीत रचली जाते. पहिल्या आठवड्यात विषय आणि तीन साधने, तिसऱ्या आठवड्यात टिप्पण्यांचा कच्चा मसुदा, आणि प्रकल्प त्यानंतर. वीस गुणांचा प्रकल्प असेल तर आठ गुण सूचीला ठेवावेत. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात गोव्याच्या इतिहासाची पुस्तके आणि जुनी वृत्तपत्रे आहेत. सत्तरी, सांगे, काणकोणच्या मुलांना एकेकट्याने तिथे पोचणे अवघड. शाळेने आधी पत्र देऊन, हवे असलेले अंक व तारखा कळवून, वर्गाला एक दिवस न्यावे. तारखांची यादी नसेल तर तो दिवस फाइली उलटण्यातच जातो.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक, फोंडा