उसातला बिबट्या आणि रात्रीची वीज

महोदय,
उसाच्या फडात ‘वाघ’ दिसल्याचा फोटो मोबाइलवर फिरला की आमच्या खानापूर भागात अंधार पडल्यावर शिवाराकडे कुणी फिरकत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानात बिबट्या शिरला, शाळा बंद ठेवल्या, हत्ती आणले, तरी तो हाती लागला नाही. ती धास्ती अजून गेलेली नाही. भीमगडचे जंगल जवळ असल्याने प्रत्येक बातमी खोटी म्हणवत नाही. पण ठसे तरी नीट पाहावेत: बिबट्याच्या पावलात सहसा नखे उमटत नाहीत, कुत्र्या-तरसाच्या उमटतात. वनखात्याने हे गावोगावी मराठी-कन्नड दोन्हींत सांगावे. आणि पंपाची वीज दिवसा द्यावी. रात्री एकट्याने पाणी पाजायला जाताना घरचे दारात जागत बसतात.

– एक शेतकरी, ता. खानापूर