सुगंध खाली उतरवणाऱ्या माळीकाकांना

माळीकाका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत पिशवी उचलून चालू लागता. म्हणून हे उघड पत्र. ज्यांच्या भिंतीवर वेली गुलाब असेल, त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

आम्ही या घरात आलो तेव्हा गुलाब आधीपासूनच होता. कुणीतरी तो पाइपाच्या कडेने सरळसोट वर चढवलेला. खाली नुसत्या उघड्याबोडक्या फांद्या आणि फुलं सगळी छपरावर. झाड आमच्या दारात, सुगंध मात्र कावळ्यांना! तो बुडापासून छाटून टाकावा म्हणून मी तुम्हाला बोलावलं, पण तुम्ही कात्री पिशवीतून काढलीच नाहीत. म्हणालात, "छाटायचा नाही, आडवा करायचा. उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही." डोळे म्हणजे फांदीवरचे मिटलेले कोंब. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरत राहतं आणि बाजूच्या डोळ्यांना रोखून धरतं, हे मी नंतर वाचलं.

मग भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून, हवा खेळती राहावी म्हणून, तुम्ही आडव्या तारा ओढल्यात. गुलाबाला तणावे नसतात, तो आपणहून धरून राहत नाही, हेही तेव्हाच कळलं. तुमची ती गाठ मी अजून तशीच मारते: जुन्या सुती कापडाची पट्टी, एक वेढा तारेला, मध्ये पीळ, दुसरा वेढा फांदीला, आणि आत बोट जाईल एवढी सैल. एक फांदी वाकवताना बारीकसा 'कर्र' आवाज आला, तशी तुम्ही ती होती तिथेच बांधून टाकलीत. "आज एवढंच. उरलेलं पुढच्या खेपेला." जाडजूड जुन्या फांद्या तर तुम्ही तिरप्याच सोडल्यात. इतका धीर माझ्याकडे नव्हता, तो तुमचाच.

पुढे आडव्या फांदीवर ओळीने तांबूस फुटवे उभे राहिले आणि जवळजवळ प्रत्येकाला कळी आली. थेट नाकासमोर!

झाडाची जात तुम्हीच ओळखलीत: 'क्लाइंबिंग क्रिमसन ग्लोरी'. जर्मनीच्या कोर्डेस यांच्या 1935 सालच्या झुडपी 'क्रिमसन ग्लोरी'चा हा वेली भाऊ. याची मान नाजूक, फूल खाली झुकतं. झुडपावर तो दोष, पण वेलीवर तेच फूल आपल्याकडे बघतं. हे तुम्ही सांगेपर्यंत मी फुलांना काड्यांचा आधार देण्याच्या बेतात होते. बुडापासून का छाटायचा नाही, याचं दुसरं कारणही तेव्हाच सांगितलंत: अशा झुडपी जातीपासून निघालेल्या वेली गुलाबाचं रोप लहान असताना फार कापलं तर ते कधी कधी पुन्हा झुडूप होऊन बसतं.

बाकीच्या सूचना पाळते. पाणी सकाळी आणि बुंध्याशीच, कारण पानं बराच वेळ ओली राहिली की काळे ठिपके येतात. ठिपक्यांची गळलेली पानं उचलून टाकते. कलमाच्या जोडाखालून आलेला रानफुटवा कापत नाही, ओढून काढते. मावा ही कीड पाण्याच्या धारेने उडवते. एका बाबतीत मात्र तुमचं ऐकत नाही. फुलं झाडावरच शोभतात, हे मला मान्य आहे, पण भर उन्हात तो गंध विरून जातो. म्हणून उमलत आलेलं एखादं फूल मी सकाळीच कापून घरात नेते. रागावू नका.

परवा शेजारच्या ताईंनीही आपला गुलाब छाटायला काढला होता. मी कात्री काढून घेतली आणि तुमचं नाव सांगितलं. त्यांचा निरोप येईल, नाही म्हणू नका. आणि आमच्याकडच्या वरच्या दोन फांद्या अजून बांधायच्या राहिल्यात. शिडी माझी, गाठ तुमची.

तुमची,
कावळ्यांची शेजारीण