पट्टीसाठी थांबलेल्या लेकरास

लेकरा,

तुझं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं जाहीर लिहितेय. औशाकडून वडिलांसोबत सोयाबीन घेऊन तू लातूरच्या मोंढ्यात आमच्या आडतीवर आला होतास. सौदा झाला, काटा झाला, पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाची पावती, तेवढी राहिली होती. बाहेर टेम्पोवाला घाई करत होता आणि मी स्क्रीनवर माउसचा बाण धुंडाळत होते.

शुगरनं माझी नजर अधू केलीय. पांढऱ्या तक्त्यावर तो पांढरा, चिमुकला बाण मला सापडतच नव्हता. कॉम्प्युटर बसवणाऱ्यांना सांगितलं, तर म्हणाले, चष्म्याचा नंबर बदला. दुसरे आले, त्यांनी आमचा कॉम्प्युटर ज्यावर चालतो त्या लिनक्सलाच नावं ठेवली, विंडोज टाका म्हणाले. एकानं तर शेठला परस्पर सुचवलं की बाईंच्या जागी एखादं पोरगं बसवा. त्या रात्री मला घास गेला नाही.

तू चिडला असतास तरी चाललं असतं, सकाळपासून ताटकळला होतास. तू आत येऊन विचारलंस, "मावशी, बाण हरवतो का?"

आजवर जो आला त्यानं आधी माझ्या हातातला माउस ओढून घेतला, खटाखट काहीतरी केलं आणि निघून गेला. तू स्टुलावर टेकलास, दोन्ही हात मांडीवर. सेटिंग कुठं आहे ते सांगितलंस आणि मी बाण शोधून तिथवर नेईपर्यंत गप्प बसलास. दोनदा बाण गेला, तरी तुझा हात पुढं आला नाही. इतकं मानानं मला त्या खुर्चीवर कुणी वागवलं नव्हतं रे.

मग बाणाचा आकार २४ चा ४८ झाला, पांढऱ्याचा काळा झाला. कंट्रोलचं बटण दाबलं की बाणाभोवती वर्तुळ उमटतं, तेही माझ्याच हातानं चालू करून घेतलंस. "काही ठिकाणी लहानच दिसंल, एकदा लॉगआउट करून या," हेही न विसरता सांगितलंस.

हे सगळं आमच्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्समध्ये, लिनक्स मिंटमध्ये, आधीपासूनच होतं, रुपयाही लागला नाही. कुठल्या कुठं बसून ज्यांनी ते बनवलं, त्यांनी माझ्यासारख्या डोळ्यांचा विचार करून ठेवलाय. इथं चार दुकानं पलीकडच्यांना तो सुचला नाही. माणुसकीला शिक्षण लागतं असं नाही, पण शिकलेल्या हातात ती असली की किती जणांचं अडलेलं काम सुटतं!

तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. असं लेकरू घडवलं, त्याचे आभार त्यांचेही. आता हमाली-तोलाईचे आकडे मी न चाचपडता भरते आणि दिवस मावळायच्या आत पट्ट्या हातावेगळ्या होतात. तूर निघाली की इकडंच आणा. चहा घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही.

तुझी,
आडतीवरची मावशी